पांढऱ्या ठिपक्यावरची अक्षरं

मित्रांनो, मी एक जुना टाइपरायटर आहे. वजन चौदा किलो, रंग शेवाळी हिरवा आणि स्वभाव, खरं सांगायचं तर, जरा खडूस. व्हर्जिनियातल्या अ‍ॅशबर्न गावी साल्पेकरांच्या घरात, स्वयंपाकघराच्या खिडकीशी माझं टेबल आहे. तुम्ही म्हणाल, हा इंग्रजी अक्षरांचा गडी मराठी कसा काय बोलतो? त्याचं श्रेय शुभाआजींना. मुलगा आणि सून कामावर गेले, नात शाळेत गेली, की त्या दिवसभर माझ्याशीच बोलतात. दोन वर्षांत दगडालाही मराठी आलं असतं.

मी तुम्हाला माझी गोष्ट सांगणार आहे. भुताची गोष्ट सांगायचा माझा विचार नाही. पण माझ्या गोष्टीत ते मधेच आलं, तर माझा नाइलाज आहे.

माझा जन्म न्यूयॉर्क राज्यातल्या एका कारखान्यात झाला. त्याला आता सत्तर वर्षं होतील. लोखंडी सांगाडा, रबरी रोलर, चव्वेचाळीस कळा आणि ओळ संपत आली की वाजणारी एक घंटी, एवढा माझा संसार. उजव्या अंगाला एक छोटा खटका होता, त्याच्यापुढे तीन ठिपके. काळ्या ठिपक्यावर खटका ठेवला की अक्षरं काळी उमटत, लाल ठिपक्यावर लाल. तिसरा ठिपका पांढरा होता. तो कशासाठी, हे माझ्या पहिल्या मालकिणीने कधी विचारलं नाही. तो ठिपका लक्षात ठेवा. माझं सगळं आयुष्य त्याच्यापाशी अडकलं.

माझ्या पहिल्या मालकिणीचं नाव हेस्टर क्विन्लन. जवळच्याच हर्नडनमधल्या एका दूध डेअरीच्या कचेरीत ती नोकरीला होती. त्या काळी इकडे चहूकडे गायींची कुरणं होती. एकोणिसाव्या वर्षी तिने मला घरी आणलं आणि पुढे साठ वर्षं माझ्यावर कादंबऱ्या लिहिल्या. सहा कादंबऱ्या. सगळ्या याच मातीतल्या, दूधवाल्यांच्या, स्टेशनमास्तरांच्या, विहिरीत डोकावून बघणाऱ्या बायकांच्या. वाचणारे म्हणत, दिवसाउजेडी वाचली तरी मागे वळून बघावंसं वाटतं.

हेस्टर रोज सकाळी बरोबर दहा वाजता खुर्चीत बसायची. पान पूर्ण झालं की ते मला मोठ्याने वाचून दाखवायची. हो, मलाच. घरात दुसरं कोण होतं? नवरा लवकर गेला होता आणि मुलगी क्लेअर शाळेत असायची. वाचून झालं की हेस्टर स्पेसबार एकदा दाबायची. खट. म्हणजे झालं, पटलं. तिचा तो होकार होता.

तिची आणखी एक रीत होती आणि ती ऐकून मात्र तुमच्या अंगावर काटा येईल. कादंबरीतल्या एखाद्या माणसाला मारायचं ठरलं, की त्याच्या मरणाचं प्रकरण लिहिण्याआधी ती त्याला पत्र लिहायची. ‘प्रिय वॉल्टर, पुढच्या प्रकरणात तू जाणार आहेस. मला माफ कर. दुसरी वाट सापडली नाही.’ असं साधं, मनापासून, शेजाऱ्याला लिहावं तसं. ते पत्रही कादंबरीच्या पानांतच राहायचं, छापायच्या वेळी ती काढून घ्यायची. आणि मित्रांनो, पत्र पूर्ण झालं, की त्या माणसाच्या नावाचं पहिलं अक्षर माझ्यात अडकून बसायचं. वॉल्टरच्या वेळी डब्ल्यू अडकला. तेल घातलं, ब्रशने साफ केलं, हलला नाही. वॉल्टर पुस्तकात मेला त्या दिवशी आपोआप सुटला. दुरुस्तीवाल्याने हात टेकले होते. मी लोखंडाचा आहे, कल्पना करणं हे माझं काम नाही. जे झालं ते सांगतो.

माझे चांगले दिवसही होते. वर्तमानपत्रवाले आले, हेस्टरचा फोटो काढला, त्यात मी पुढे आणि ती मागे. मी काही महिने जरा ताठ्यातच होतो. मग संगणक आले. प्रकाशकाने हेस्टरला एक पाठवला. तिने त्याच्यावर कुंडी ठेवली.

मग आजूबाजूची कुरणं गेली. तिथे खिडक्या नसलेल्या राखाडी इमारती उभ्या राहिल्या. त्यात माणसं दिसत नाहीत, नुसते संगणक भरलेले आहेत, डेटा सेंटर म्हणतात त्यांना. त्यांची घरघर दिवसरात्र चालते, कधी थांबत नाही. हेस्टर म्हणायची, तिथे कुणीतरी श्वास घेतं आहे आणि सोडायचं विसरलं आहे. त्याच सुमाराला तिची नजर गेली. आधी ओळी पुसट झाल्या, मग पान, मग खिडकी. क्लेअरने एव्हाना पन्नाशी ओलांडली होती. नोकरी सोडून ती आईकडे राहायला आली.

आंधळी झाली तरी हेस्टर दहा वाजता बसायचीच. बोटांना कळा पाठ होत्या. तिने सातवी कादंबरी सुरू केली.

आणि एका सोमवारी क्लेअरने मला पुसलं. फार मायेने पुसलं हो, कोपऱ्या-कोपऱ्यातून, मऊ फडक्याने. त्या फडक्यात उजवीकडचा खटका अडकला आणि काळ्या ठिपक्यावरून पांढऱ्या ठिपक्यावर गेला. क्लेअरच्या ते लक्षातही आलं नाही. दुसऱ्या दिवशी हेस्टर लिहायला बसली. माझे हातोडे उठले, कागदावर आपटले, पण शाईची रिबन वर आलीच नाही. पान जसंच्या तसं पांढरं.

क्लेअरने ते पान हातात घेतलं. हेस्टरने विचारलं, “कसं झालंय?”

डॉक्टरांनी क्लेअरला सांगून ठेवलं होतं की आईची बुद्धी हळूहळू ढळणार. रिबन वाळली असेल, असं तिला वाटलं. नवी आणता आली असती. पण आणली आणि कागदावर काहीबाही असंबद्ध उमटलं तर? आपल्या आईचं डोकं रिकामं झालेलं बघायचं धैर्य तिच्यात नव्हतं. त्यापेक्षा कोरं पान बरं.

“छान झालंय, मॉम,” ती म्हणाली आणि ते पान तिने खोक्यात ठेवलं.

हेस्टरने पान वाचून दाखवायचं आता सोडलं होतं, वाचणार कशी? पण क्लेअर ‘छान’ म्हणाली की ती थोडी थांबायची आणि स्पेसबार दाबायची. खट.

चौदा महिने हे चाललं. तीनशे अकरा पानं. माझ्या जिवाची काय तगमग झाली असेल! अक्षर न् अक्षर मीच मारत होतो आणि एकही दिसत नव्हतं. एक बोटभर खटका, कुणीतरी डावीकडे सरकवला असता तर! पण माझा खटका मला हलवता येत नाही. त्यातल्या बाराव्या महिन्यात तिने एक पत्र लिहिलं, आणि ते पूर्ण होताच माझा एच अडकला. मी घाबरलो. सातव्या कादंबरीत एचने सुरू होणारं एकही माणूस नव्हतं.

एका मंगळवारी सकाळी दहा वाजता हेस्टर बसली, बोटं कळांवर ठेवली आणि तशीच राहिली. हेस्टर गेली, तरी माझा एच सुटला नाही.

त्यानंतर ते घर सहा महिने बंद होतं. मित्रांनो, बंद घरात, धूळ खात असताना, रोज दहा वाजता माझा स्पेसबार खाली जायचा. हळू, विचारल्यासारखा. मग वर यायचा. मग वाट बघितल्यासारखी शांतता, आणि बाहेर ती घरघर. एकदा क्लेअर आवराआवर करायला आली होती, तिने ते ऐकलं. ती दारातच उभी राहिली, आणि पुढच्याच शनिवारी तिने घरातलं सगळं सामान विकायला काढलं.

तिथे मला उत्तराने उचललं. उत्तरा साल्पेकर, त्या खिडक्या नसलेल्या इमारतींपैकीच एकीत कामाला. तिच्या सासूबाई, म्हणजे शुभाआजी, नागपूरला कलेक्टर कचेरीत तीस वर्षं टायपिस्ट होत्या. गिरीशचं, म्हणजे मुलाचं, आग्रहाचं बोलावणं आलं म्हणून इथे आल्या, आणि आल्यापासून कंटाळल्या होत्या. त्यांना भेट म्हणून मी. माझ्याबरोबर कोऱ्या कागदांचं खोकंही क्लेअरने, आईचं आहे म्हणत, देऊन टाकलं. देताना तिने त्याच्यावर हात ठेवला होता, तो जरा उशिराच उचलला.

“अहो आई, बघा तर काय आणलंय!” उत्तरा म्हणाली.

शुभाआजींनी चष्मा पुसला, माझ्या कळांवरून बोटं फिरवली आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. “सीताबर्डीच्या इन्स्टिट्यूटमध्ये अश्शीच मशीन होती गं. बोटांवर टॉवेल टाकून प्रॅक्टिस करायला लावायचे सर. मिनिटाला चाळीस शब्द.” मग त्यांनी एक कळ दाबली. “हा एच अडकलाय. दुरुस्त झाल्याशिवाय टाइप नाही करायचं.”

“आणि पेपर बघा ना, टेक्स्चर्ड आहे,” उत्तरा कागद चाचपत म्हणाली. “हँडमेड असणार. वेस्ट नको करायला.”

टेक्स्चर्ड! मला ओरडावंसं वाटलं. अगं बाई, ती अक्षरं आहेत!

मराठी घरात कोरा कागद फेकत नाहीत, तो वापरतात. ती सवय चांगलीच आहे, मी नावं ठेवत नाही. पण क्लेअर प्रत्येक नवं पान वरच ठेवत गेली होती, त्यामुळे खोक्यात सगळ्यात वर कादंबरीचा शेवट होता. आणि साल्पेकरांनी वरूनच सुरुवात केली. पान तीनशे अकरावर गिरीशने नळवाल्याचा फोन नंबर लिहिला. तीनशे दहावर नऊ वर्षांच्या नातीने, अंतराने, युनिकॉर्न काढला. एक वाणसामानाची यादी होऊन फ्रिजवर चुंबकाखाली गेलं, कोथिंबीर, दही, डिशवॉशरचा साबण. गणपतीत शंकरपाळे झाले तेव्हा तेल टिपायला आठ पानं एकदम गेली. हेस्टरचा शेवट माझ्या डोळ्यांदेखत तेल पीत होता आणि मी खिडकीशी शोभेला बसलो होतो. रोज एखादं पान कमी. असं वर्षभर चाललं असतं तर सातवी कादंबरी या जगात होती हेच कुणाला कळलं नसतं.

पण दहा वाजता खट होतच होतं. इथेही.

पहिल्यांदा शुभाआजींना वाटलं, फ्रिजमधला बर्फ पडला. दुसऱ्या दिवशी त्यांनी फ्रिजकडे पाठ केली आणि माझ्याकडे तोंड करून बसल्या. स्पेसबार खाली गेला, वर आला. आजी उठल्या नाहीत, किंचाळल्या नाहीत. तीस वर्षं सरकारी साहेब पाहिलेली बाई ती. त्यांनी पदर सारखा केला आणि विचारलं, “काय गं बाई, काय राहिलंय तुझं?”

संध्याकाळी त्यांनी सुनेला सांगितलं. उत्तरा हसली. “अहो आई, स्प्रिंग लूज झाली असेल.”

“रोज दहाला लूज होते? आपल्या गिरीशपेक्षा वक्तशीर आहे म्हणायची.”

ऑक्टोबर आला. अमेरिकेत दसरा शनिवारी येतो, पंचांगात तो कधीही असो. सकाळी उत्तराने माझ्या टेबलावर नवं कापड घातलं. ज्याच्यावर पोट चाललं त्याची पूजा, म्हणून तिचा लॅपटॉप एका बाजूला आणि आजींच्या आग्रहाने मी मधोमध. आपट्याची पानं इथे कुठली? अंगणातल्या रेडबडच्या झाडाची पानं आणली, आकाराने जवळपास तशीच. मला हळदकुंकू लागलं, झेंडूचं फूल मिळालं. माझ्या सत्तर वर्षांत मला असं कुणी ओवाळलं नव्हतं, आणि मी तुमच्यापासून लपवत नाही, मी विरघळलो.

अंतराला पाटीवर सरस्वती काढायची होती. घरात पाटी नव्हती. “आजी, कॅन आय यूज द फॅन्सी पेपर?” तिने खोक्यातलं वरचं पान घेतलं, माझ्या डावीकडे ठेवलं आणि पेन्सिल शोधायला वळली.

तेवढ्यात दहा वाजले. स्पेसबार खाली गेला. खट. माझं कॅरेज, म्हणजे रोलरचा गाडा, एक पाऊल डावीकडे सरकलं. पुन्हा खट. पुन्हा. या वेळी ते एकावर थांबलं नाही. कुणीतरी घाईत होतं. तिघीही बघत राहिल्या. डाव्या टोकाशी कुंकवाचा करंडा होता. कॅरेजचा दांडा त्याला लागला, करंडा कलंडला आणि कुंकू त्या पानावर सांडलं.

“शी! अपशकुन,” उत्तरा पुटपुटली आणि हाताने कुंकू गोळा करू लागली. मग तिचा हात थांबला.

जिथे जिथे तिचा तळवा फिरला होता, तिथे तिथे कुंकू कागदाच्या खळग्यांत बसलं होतं. लाल, बारीक, सरळ ओळींत.

अंतराने वाचलं, “डिअर हेस्टर...” आणि मग अगदी हळू आवाजात, “मम्मा, हू इज हेस्टर?”

शुभाआजींनी पान उजेडाकडे तिरकं धरलं. मग त्या माझ्या उजव्या अंगाला वाकल्या आणि त्यांनी खटका पाहिला. “अगं, पांढऱ्यावर आहे हे! स्टेन्सिल! प्रती काढायला सायक्लोस्टाइलचं स्टेन्सिल कापायचं असलं की आम्ही खटका पांढऱ्यावर घ्यायचो. रिबन वर येत नाही, नुसतं अक्षर बसतं. मी तीस वर्षं हेच केलं आणि मला, मला कळलं नाही!” त्यांनी ते पान सुनेपुढे धरलं. “उत्तरा, कागद कोरे नव्हते. शंकरपाळ्यांखाली मी कुणाचं लिहिलेलं घातलं गं?”

उत्तराने खटक्याकडे हात नेला. आजींनी तो धरला. “आज नाही. आज पूजा झाली आहे, आज यंत्राला हात लावायचा नाही. उद्या. आणि ते आपण नाही करायचं. जिची आई आहे तिला बोलाव.”

रविवारी क्लेअर आली. खोकं तिच्यासमोर ठेवलं होतं. पानांवर आकडे होते, कुंकू लावून लावून साल्पेकरांनी वरची दहा-बारा पानं वाचून पाहिली होती. शब्द शहाण्यासारखे होते, एकही असंबद्ध नव्हता. दोनशे अडुसष्टाव्या पानावर ते पत्र होतं आणि त्याच्यापुढे काही नव्हतं.

“आणि बाकीची?” क्लेअरने विचारलं.

उत्तराची मान खाली गेली. शुभाआजी मात्र सरळ बसल्या आणि आपल्या कचेरीतल्या इंग्रजीत सगळं सांगून टाकलं, तेल, युनिकॉर्न, नळवाला, सगळं. फ्रिजवरचा कोथिंबिरीचा कागद काढून तिच्या हातात दिला. क्लेअरने तो दोन्ही हातांत धरला.

“तुम्ही निदान कशाला तरी वापरली,” ती म्हणाली. “मी चौदा महिने रोज एक पान हातात घेतलं आणि एकही वाचलं नाही.”

मग ती माझ्यासमोर बसली. खटका तिने स्वतः काळ्या ठिपक्यावर आणला. आत एक नवा कागद सरकवला. हात मांडीत ठेवले, आणि ते लाल अक्षरांचं पत्र मोठ्याने वाचायला लागली, तिची आई मला वाचून दाखवायची तसं.

‘प्रिय हेस्टर, पुढच्या प्रकरणात तू जाणार आहेस. मला माफ कर. दुसरी वाट सापडली नाही. क्लेअर रोज पान घेते आणि छान म्हणते. मला दिसत नाही, पण शाईचा वास येत नाही हे नाकाला कळतं. पान कोरं आहे हे तिला माहीत आहे. ते मला माहीत आहे, हे तिला माहीत नाही. ती माझं मन राखते आहे आणि मी तिचं. सांगितलं तर ती इतके महिने खोटं बोलली हे उघडं पडेल, आणि ती पोर ते सोसणार नाही. राहू दे. अक्षरं कागदात आहेत, बोट फिरवलं की लागतात. एक दिवस तिचं बोट फिरेल.’

वाचता वाचता क्लेअरचं बोट त्या ओळींवरून फिरत होतं, लाल होत होतं. शेवटच्या ओळीला ते थांबलं. बाहेरची ती घरघर तेवढी चालली होती, आणि अंतराने आजीचा हात घट्ट धरला होता. माझ्या आत काहीतरी सुटलं. एच वर आला.

घड्याळात दहा वाजले.

“छान झालंय, मॉम,” क्लेअर म्हणाली. या वेळी ते खरं होतं.

आणि स्पेसबार एकदा खाली गेला. खट.

अंतराने धावत येऊन माझ्यातला कागद पाहिला. त्याच्यावर काहीच नव्हतं. नसणारच. शाई असली तरी स्पेसची खूण कागदावर उमटत नाही, मित्रांनो.

त्या दिवसापासून दहा वाजता कुणी येत नाही. मला सुटल्यासारखं वाटायला हवं, पण करमत नाही. क्लेअर मात्र दर रविवारी येते. ती आणि शुभाआजी उरलेली पानं उजेडात तिरकी धरून वाचतात, आजी ती माझ्यावर काळ्या अक्षरांत उतरवून काढतात. दोनशे अडुसष्ट पानं आणि एक कोथिंबिरीचा कागद. शेवट नाही. तो आता कुणालाच कळणार नाही, मी सोडून, आणि मला विचारायचं कुणाला सुचत नाही.

तुमच्या घरातही माझ्यासारखं एखादं जुनं यंत्र असेल. त्याला पुसा, तेल घाला, आम्हाला ते आवडतं. पण नुसतं पुसून भागत नाही. आणि आंधळ्या म्हातारीने पान पुढे करून विचारलं, कसं झालंय, तर छान म्हणण्याआधी त्याच्यावरून एकदा बोट फिरवा.